चाकूच्या धारेचा टिकाऊपणा : उक्कूचें तिखें व अर्वाचीन पोलादें

जुनीं दप्तरें, पोथ्या व लेखनसाहित्य यांचा संग्रह करणाऱ्या मंडळींत एक समजूत दृढ होऊन बसली आहे. ती अशी कीं, पूर्वींच्या कारकुनांच्या कलमदानांत बोरू तासण्यासाठीं जो लहान चाकू असे, त्याच्या पोलादास जी धार टिकत असे ती आजच्या कोणत्याही पोलादास टिकत नाहीं. ही समजूत केवळ बोलण्यापुरती असती, तर आम्ही तिच्या वाटेस गेलों नसतों. परंतु तिची प्रचीति घेण्यासाठीं जुने चाकू सहाणेवर घासले जात आहेत. कांहीं तर भट्टींत तापवून पुन्हां पाणी दिलेले आमच्या पाहण्यांत आले आहेत. पात्यावरील मूळची धार, तिचा कोन, लोहाराच्या हातोडीची खूण व पोलादाची अंतर्रचना या चारही गोष्टी अशा परीक्षेंत नष्ट होतात, आणि मग त्या वस्तूस पुरावा म्हणून कांहींच किंमत राहत नाहीं. म्हणून या समजुतींत तथ्य किती, आणि तें चाकूस हात न लावतां कसें ठरवितां येतें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. पोलाद हा शब्द फारशी, व चाकू हाहि तुर्की-फारशींतून आलेला. बोरू तासण्याच्या चाकूस फारशींत कलमतराश म्हणतात. परंतु पोलादास आपल्याकडे तिखें असा जो जुना शब्द आहे तो संस्कृत तीक्ष्ण शब्दापासून निघालेला आहे. अमरकोशांत तीक्ष्ण हें लोहाच्या नांवांपैकीं एक म्हणून दिलें आहे. रसरत्नसमुच्चयकार याहून पुढें जाऊन लोहाचे मुंड, तीक्ष्ण व कांत असे तीन भेद करतो, आणि तीक्ष्णाच्या पुन्हां सहा जाती सांगतो. त्यांतील खर नांवाची जात वांकविली असतां मोडते, व मोडल्या जागीं पाऱ्यासारखी चकाकते, असें त्याचें वर्णन आहे. पात्याच्या पृष्ठावर दिसणाऱ्या केसांसारख्या रेषांस तो पोगर म्हणतो. या रेषा म्हणजेच ज्यांस पुढें युरोपीय ग्रंथकार दमास्कसचें पाणी म्हणूं लागले त्या होत, असें मानण्यास आम्हांस अडचण दिसत नाहीं.

धार टिकविणें या कल्पनेसही आपल्या शास्त्रांत स्वतंत्र नांव आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील आठव्या अध्यायांत शस्त्रांच्या धारेचें मान दिलें आहे: भेदन करणाऱ्या शस्त्राची धार मसुरेएवढी, लेखन करणाऱ्याची त्याच्या निम्मी, व्यधन व विस्रावण करणाऱ्याची केसाएवढी, आणि छेदन करणाऱ्याची अर्ध्या केसाएवढी. शस्त्रास पाणी देण्याचे क्षार, उदक व तैल असे तीन प्रकार सांगून कोणतें शस्त्र कोणत्या कामासाठीं कशांत विझवावें हेंही दिलें आहे. धार लावण्यास उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा, आणि धारासंस्थापनासाठीं सांवरीच्या लांकडाची फळी, असा तेथें भेद केला आहे. धार आणणें ही एक गोष्ट व आलेली धार राखणें ही दुसरी, हा विवेक त्या वैद्यास होता. आजच्या चर्चेंत पुष्कळदां तोच सुटतो. चाकू किती तीक्ष्ण होतो आणि किती वेळ तीक्ष्ण राहतो, हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. कित्येक पोलादें पहिल्यांत पहिलीं व दुसऱ्यांत शेवटचीं असतात.

आतां या समजुतीचा उगम पाहूं. तो लोकांना वाटतो तितका प्राचीन नाहीं. निदान तिचा लेखी आधार तरी इ. स. १७९५ चा आहे, आणि त्याचा मुंबईशीं प्रत्यक्ष संबंध आहे. मुंबईंतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं १७९४ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे हिंदुस्थानी पोलादाचे कांहीं तुकडे पाठविले. जॉर्ज पिअर्सन यांनीं त्यांची परीक्षा करून १७९५ सालीं त्या सोसायटीपुढें निबंध वाचला. निबंधाच्या मथळ्यांतच हें पोलाद मुंबईस तयार होतें व तेथें त्यास वूट्झ म्हणतात असें लिहिलें आहे. मुंबई हें पाठविण्याचें बंदर. पोलाद गाळण्याचीं प्रसिद्ध ठिकाणें तेलंगण, म्हैसूर व सालेमकडील. त्यांपैकीं तेलंगणांतील कोनसमुद्रम् येथील भट्ट्यांची हकीकत हेन्री व्हॉयसी यांच्या लेखणीनें १८३२ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली असून, इराणी व्यापारी तेथें येऊन पोलाद खरेदी करीत असें तींत नमूद आहे. वूट्झ हा शब्दही कोणत्याच भाषेंतला नाहीं. कानडी-तेलुगू उक्कु या शब्दाचा तो लेखनदोषानें झालेला अपभ्रंश होय, हें मत आज बहुमान्य आहे. यापुढें आम्ही उक्कू असेंच म्हणूं.

पिअर्सनच्या निबंधांतील आपल्या कामाचा भाग पुढेंच आहे. जेम्स स्टोडार्ट नांवाचे लंडनचे कसबी शस्त्रकार होते. त्यांनीं अध्यक्षांच्या इच्छेवरून त्या उक्कूचा एक लेखणी तासण्याचा चाकू घडविला. घडणीस फार श्रम पडले. परंतु धार उत्तम पोलादाच्या चाकूइतकीच सूक्ष्म आली व तो तितकाच चांगला कापी. एवढ्यावरून स्टोडार्ट यांनीं असा अभिप्राय दिला कीं, हें पोलाद इंग्लंडांत वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही पोलादाहून अनेक कामांस सरस ठरेल, आणि त्याची धार अधिक सूक्ष्म, अधिक बळकट व अधिक टिकाऊ राहील. पुढें त्यांनीं मायकेल फॅरडे यांच्यासह उक्कूचें अनुकरण करण्याच्या हेतूनें पोलादांत रुपें, प्लॅटिनम इत्यादि धातु मिसळून प्रयोग केले, व ते १८२० आणि १८२२ सालीं प्रसिद्ध झाले.

येथें साक्षीचा कस लावला पाहिजे. स्टोडार्ट हे जाणते कारागीर, आणि त्यांचा उक्कूंत कांहीं स्वार्थ १७९५ सालीं तरी नव्हता. म्हणून साक्षीदार विश्वसनीय. परंतु साक्ष कशाची आहे? चाकू चांगला कापतो हें त्यांनीं पाहिलें. धार अधिक टिकेल हें त्यांचें अनुमान आहे, आणि तें एका चाकूवरून केलेलें आहे. किती छेद घेतल्यावर धार गेली याची गणना तेथें नाहीं. दोन्ही पात्यांची कठिणता सारखी होती काय हें सांगण्याचें साधनच त्या काळीं नव्हतें. पोलादाची कठिणता मोजण्याची ब्रिनेलची रीत १९०० ची, व आज सर्वत्र चालणारी रॉकवेलची त्यानंतरची. दस्तऐवजाच्या परीक्षेंत ऐकीव व पाहिलेलें यांत आपण जो भेद करतों तोच येथें केला, तर १७९५ च्या निबंधावरून उक्कूची धार टिकाऊ असल्याचें सिद्ध होत नाहीं. एका थोर कारागिरास तसें वाटलें एवढेंच सिद्ध होतें.

मग सत्य काय? त्यासाठीं धार जाते म्हणजे काय होतें हें समजलें पाहिजे. धार चार प्रकारांनीं जाते. पातें मऊ असेल तर ती एका बाजूस वळते. ठिसूळ असेल तर तिचे बारीक टवके उडतात. हवेंतील दमटपणानें व कापलेल्या वस्तूच्या रसानें ती गंजून बोथट होते. कोंकणांतील पावसाळ्यांत पेटींत ठेवलेला चाकू कांहींही न कापतां धार गमावतो तो असा. आणि चौथा प्रकार झिजेचा. यांपैकीं पहिले तीन चांगलें पाणी दिल्यानें व काळजीनें टाळतां येतात. झीज टळत नाहीं, ती पोलादाच्या घटनेवर अवलंबून असते.

पोलाद म्हणजे एकजिनसी पदार्थ नव्हे. पाणी दिलेल्या लोहाच्या पोटांत कर्ब व धातु यांच्या संयोगानें झालेले अति सूक्ष्म कठीण कण विखुरलेले असतात, त्यांस कार्बाइड म्हणतात. चुन्याच्या कोब्यांत खडे असावे तसे ते असतात. कोबा झिजतो, खडे टिकतात. साध्या कर्बयुक्त पोलादांत हे कण लोह व कर्ब यांचे असतात, त्यांचें नांव सिमेंटाइट. क्रोमियम पुष्कळ घातलें तर क्रोमियमचे, व्हेनेडियम घातलें तर व्हेनेडियमचे कण होतात. त्यांची कठिणता सारखी नाहीं. विकर्सच्या मानानें ६१ रॉकवेल कठिणतेचें पोलाद सुमारे ७२० भरतें. सिमेंटाइट सुमारे १०००. क्रोमियमचें कार्बाइड सुमारे १५००. व्हेनेडियमचें सुमारे २८००. आणि ज्या गारगोटीच्या कणांनीं बहुतेक धारा झिजतात ती सुमारे ११०० ते १२००. म्हणजे सिमेंटाइट गारगोटीहून किंचित मऊ, व क्रोमियमचें कार्बाइड तिच्याहून कठीण. सर्व वाद या एका फरकांत आहे.

कारकुनाचा चाकू कशानें झिजत असे? बोरू हें तृणजातीचें वेत. सर्व तृणांच्या सालींत सिलिका असते, म्हणूनच उसाचें पान बोट कापतें व भाताचा पेंढा विळ्याची धार खातो. परंतु ही वनस्पतींतील सिलिका गारगोटीच्या रूपांत नसून ओपलच्या रूपांत असते, व ओपल गारगोटीहून मऊ. सिमेंटाइटाहून तर बरेंच मऊ. त्यामुळें ज्या पोलादांत सिमेंटाइटाचे कण विपुल, त्यास बोरू तासतांना त्या कणांचा पुरा लाभ मिळतो. उक्कूंत कर्ब शेकडा सुमारें दीड असतो, म्हणजे साध्या चांगल्या पोलादाच्या दीडपट ते दुप्पट, व हा अधिक कर्ब सिमेंटाइटाच्या कणांच्या ओळी होऊन राहतो. पृष्ठावर पोगर दिसतो तो याच ओळींचा. अशा चाकूनें बोरू पुष्कळ दिवस तासला जात असे हें कारकुनांचें म्हणणें या दृष्टीनें संभवनीय ठरतें. मात्र त्याच चाकूनें, शाई सुकविण्यासाठीं वाळू टाकलेला जुना कागद कापला, व त्या वाळूंत गारेचे कण असले, तर तो लाभ उरत नाहीं. ज्यांनीं जुन्या पत्रांच्या घड्या उलगडल्या आहेत त्यांच्या बोटांस ही वाळू परिचित आहे.

आतां प्रत्यक्ष गणना. इंग्लंडांतील शेफील्ड येथें चाकू-कात्र्यांच्या धंद्याची काट्रा या संक्षिप्त नांवाची संशोधनसंस्था आहे. तिच्या यंत्रांत पातें वर धार करून बसवितात, व त्यावर शेकडा ५ भाग सिलिका असलेल्या जाड कागदाचा गठ्ठा ठराविक भारानें पुढेंमागें चालवितात. साठ फेऱ्यांत एकूण किती मिलिमीटर कागद कापला गेला त्यावरून धारेचा टिकाऊपणा ठरतो. या यंत्रावर जॉन व्हरहोव्हन व त्यांचे सहकारी लोहार आल्फ्रेड पेंड्रे इत्यादिकांनीं उक्कूच्या जातीचें पोलाद इतर पोलादांशेजारीं ठेवून तपासलें, व निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध केले. पात्यांची कठिणता ४१ रॉकवेल ठेवली तेव्हां उक्कू सरस ठरलें. कठिणता ६१ पर्यंत नेली तेव्हां मात्र वस्तऱ्यांसाठीं स्वीडनमध्यें निघालेलें ए.ई.बी.-एल. हें न गंजणारें पोलाद आणि ५२१०० या अंकानें ओळखलें जाणारें गोळी-बेअरिंगचें पोलाद यांनीं उक्कूस मागें टाकलें.

हा निकाल आम्हांस फार बोधक वाटतो, कारण तो दोन्ही पक्षांस थोडें थोडें देतो. मऊ पात्यांत लोह स्वतः झिजेस टिकत नाहीं, म्हणून कणांचें महत्त्व मोठें, आणि कण उक्कूंत अधिक. संग्रहालयांतील जीं जुनीं पोगरयुक्त पातीं तपासलीं गेलीं आहेत त्यांपैकीं पुष्कळ पुरें पाणी न दिलेलीं, म्हणजे मऊच निघालीं आहेत. तलवारीस तें योग्यच. ठिसूळ तलवार कोणास हवी? तेव्हां मऊ पात्यांच्या जगांत उक्कूची कीर्ति साधार होती. परंतु कठीण पाणी दिलेल्या लहान चाकूंच्या जगांत, म्हणजे स्टोडार्ट ज्यास उद्देशून बोलत होते त्याच जगांत, ती कीर्ति टिकत नाहीं.

अर्वाचीन पोलादांविषयीं थोडक्यांत सांगतों. शेफील्डच्याच हॅरी ब्रेअर्ली यांनीं १९१३ सालीं क्रोमियमयुक्त न गंजणारें पोलाद काढलें. त्याच्या हलक्या जातींत कर्ब इतका थोडा असतो कीं कण जवळजवळ होतच नाहींत. बाजारांतील स्वस्त चकचकीत चाकू आठवड्यांत बोथट होतो तो यामुळें, आणि जुन्या पोलादाच्या स्तुतीस त्यानेंच अधिक बळ दिलें आहे. स्वित्झर्लंडचा प्रसिद्ध लाल मुठीचा चाकू कर्ब सुमारें अर्धा टक्का व क्रोमियम सुमारें चौदा टक्के असलेल्या पोलादाचा असून ५५-५६ रॉकवेल इतकाच कठीण ठेवतात. धार लौकर जाते पण लौकर येते. फ्रान्समधील सव्हॉय प्रांतांत १८९० पासून होणारा ओपिनेल चाकू साध्या कर्बयुक्त पोलादाचाही मिळतो, व बोरू तासण्यास आम्हांस तो उत्तम वाटतो; फक्त पुसून ठेवावा लागतो. डी २ या पोलादांत कर्ब दीड टक्का, उक्कूएवढाच, परंतु क्रोमियम बारा टक्के. त्यामुळें त्याचे कण गारगोटीहून कठीण. याहून पुढची पायरी चूर्णपोलादाची. वितळलेल्या रसाचे तुषार उडवून चूर्ण करावयाचें व तें उष्णतेनें आणि दाबानें पुन्हां एक करावयाचें, या रीतीनें पुष्कळ व्हेनेडियम असूनही कण बारीक राहतात. अमेरिकेंत २००१ सालीं निघालेल्या एस ३० व्ही या चाकूसाठींच योजिलेल्या पोलादांत व्हेनेडियम चार टक्के आहे. एस ९० व्ही मध्यें नऊ टक्के. काट्राच्या यंत्रावर हीं साध्या पोलादास पुष्कळ मागें टाकतात.

लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञांनीं अशा पुष्कळ परीक्षांवरून एक सूत्र बसविलें आहे. त्यांत व्हेनेडियम-कार्बाइडाच्या प्रत्येक शतांशास सिमेंटाइटाच्या सुमारें पांचपट वजन मिळतें. परंतु आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट: धारेचा कोन एक अंशानें कमी केला तर जो लाभ होतो तो कठिणता रॉकवेलच्या एका अंशानें वाढविल्याच्या लाभाहून किंचित अधिकच आहे. म्हणजे एकाच पोलादाचे दोन चाकू, एक जाड कोनाचा व एक बारीक, यांत जो फरक पडेल तो दोन पोलादांतील फरकास सहज झांकून टाकील. कारकून आपल्या चाकूस रोज दगड दाखवीत असे, व त्या घासण्यानें पातें बारीक होत जाई. आजोबांच्या चाकूची आठवण सांगणारे पोलादाची स्तुति करतात. बहुधा ती त्या बारीक कोनास व रोजच्या दगडास मिळावयास पाहिजे.

टिकाऊ धारेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जो कण गारगोटीस दाद देत नाहीं तो सहाणेसही देत नाहीं. कुरुंदाचा दगड व्हेनेडियम-कार्बाइडाहून मऊ आहे. अशा पोलादास हिऱ्याच्या पुडीचा दगड लागतो. पोथीच्या दुरुस्तीचा कागद कापणाऱ्यास क्षणोक्षणीं वस्तऱ्यासारखी धार हवी असते, वर्षभर टिकणारी मध्यम धार नको असते. त्यास बारीक कणांचें ए.ई.बी.-एल. सारखें न गंजणारें पोलाद अधिक सोईचें. साधें कर्बयुक्त पोलाद दमट हवेंत कागदावर गंजाचा डाग ठेवतें व तो डाग निघत नाहीं. म्हणून पोथीजवळ तें नसावें, बोरूजवळ खुशाल असावें.

आतां संग्रहांतील जुन्या चाकूंविषयीं. पहिली गोष्ट, जो चाकू उक्कूचा म्हणून दाखविला जातो तो पुष्कळदां शेफील्डचा असतो. पात्याच्या मुळाशीं भिंग धरून पाहावें; तारा व माल्टी क्रूस हीं चिन्हें जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या पेढीचीं आहेत, आणि तशा पात्याचें पोलाद बेंजामिन हंट्समन यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास काढलेल्या मुशींतील पोलादाच्या परंपरेंतलें असण्याचाच संभव अधिक. पात्यावर स्टेनलेस हा शब्द असेल तर तें १९१३ पूर्वींचें नव्हे, मग मूठ हस्तिदंती असो वा कलमदान पेशवाई असो. दुसरी गोष्ट, क्ष-किरणांचें हातांत धरावयाचें यंत्र आतां अनेक प्रयोगशाळांत असतें. त्यानें क्रोमियम, व्हेनेडियम, मँगनीज हे धातु पात्यास न खरवडतां कळतात. परंतु कर्ब त्यास दिसत नाहीं, म्हणून केवळ त्यावरून उक्कू ठरवूं नये. न्यूट्रॉन-किरणांनीं सिमेंटाइटाचें प्रमाणही पात्यास धक्का न लावतां काढतां येतें, व हिंदुस्थानी तलवारींवर तसे प्रयोग झालेले आहेत. पोगर पाहण्यासाठीं आम्ल चोळूं नये; तिरप्या उजेडांत, तेल पुसून, भिंगानें पाहिल्यास तो असेल तर बहुधा दिसतो, आणि नसल्यास आम्लानें पृष्ठाची हानि मात्र निश्चित होते.

यादींत नोंद करतांना पात्याची लांबी, पाठीची जाडी, धारेच्या दोन्ही बाजूंच्या पट्टीची रुंदी, धार मध्यें किती खाली गेली आहे त्याचें माप, व बिजागिरी असल्यास तिची घडण, एवढें लिहावें. घासून घासून मध्यें खोलगट झालेलें पातें पुन्हां सरळ करूं नये. तो खोलगटपणा म्हणजे त्या कारकुनानें तासलेल्या बोरूंचीच मोजदाद आहे, आणि ती दुसऱ्या कोणत्याही कागदांत लिहून ठेवलेली नाहीं.